पाहिलेल्यांची बाजू

ओव्हाळ बाईंनी एका मुलाचा कान फोडला होता. ही गोष्ट मला शाळेत कुणी कुजबुजत सांगितली नाही. मी रुजू झालो त्याच दिवशी मधल्या सुट्टीत, स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर वाढता वाढता बाईंनीच सांगितली.

"शेटे सर, तुमी नवीन हाय म्हणून सांगते. धर्मापुरीकडं एका वस्तीवर नोकरीला होते, तवा या हातानं एक पोरगं एका कानानं बहिरं केलंय मी. पाढा चुकला म्हणून. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापरीस माझ्याकडून ऐका."

आणि त्यांनी तो हात माझ्यासमोर धरला. हात खरंच मोठा होता. बाई लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला जात. कोयता धरून बोटांची पेरं जाड झाली होती, ती इतकी वर्षं खडू धरूनही तशीच राहिली होती.

त्या मुलाला बाईंनीच अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. कानातून रक्त येत होतं. पोरगं रडत नव्हतं, नुसतं बाईंच्या हाताकडं बघत होतं. बापानं तक्रार तर केलीच नाही, उलट म्हणाला, "मारा बाई, मारल्याबिगर त्याच्या डोक्यात शिरत न्हाई." बाई म्हणायच्या की त्या रक्तापेक्षा मला या बोलण्याची जास्त भीती वाटली.

बाई जन्मानं बौद्ध. वंदना, पंचशील सगळं लहानपणापासून पाठ. त्या सकाळीही पंचशील म्हणूनच त्या शाळेत गेल्या होत्या. पुढच्या रविवारी विहारात एक म्हातारे भन्ते आले होते, त्यांच्यापुढं बाईंनी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते रागावतील नाहीतर समजूत घालतील. भन्ते एवढंच म्हणाले, "मारायच्या आधी काय झालं?"

"राग आला."

"कुठं आला?"

बाईंनी आधी डोक्याला हात लावला, मग छातीला. भन्ते म्हणाले, "बघा. मग सांगा."

बाईंनी पाहायला सुरुवात केली. बरेच दिवस काही कळेना. राग येऊन गेल्यावरच लक्षात यायचं. मग एकदा तो येताना सापडला. त्यांच्या बाबतीत राग डोक्यात येत नव्हता, छातीतही नाही. आधी उजव्या हाताचा तळवा गरम होत होता. तेव्हापासून तळवा तापला की बाई वर्गाच्या दारातल्या माठापाशी जाऊन त्याच्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या. मुलांना हे माहीत होतं. "बाईचा हात माठावर हाय, गप बसा बे!" अशी कुजबुज पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जायची. मी त्यांच्याबरोबर नोकरी केली त्या सगळ्या काळात त्यांनी एकाही मुलाला बोट लावलं नाही. पण माठावर हात रोज असायचा. राग कमी झाला, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

आमचं गाव उमापूरपासून फार लांब नाही. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नदी जवळ म्हणून वाळू, वाळू म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टर म्हणून भांडणं. मोठ्यांची भांडणं दुसऱ्या दिवशी शाळेत यायची. माझ्या पहिल्याच आठवड्यात सहावीतलं एक पोरगं डोकं फुटून वर्गात आलं. सदरा रक्तानं भिजलेला. सगळा वर्ग दुसऱ्या एका पोराकडं बोट दाखवून ओरडत होता, "ह्यानंच दगड घातला! ह्यानंच!" दोघांच्या घरांत वाळूवरून उभा दावा होता.

बाईंनी जखमेवर हळद दाबली, रुमाल बांधला आणि व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं एक लांब रेघ ओढली.

"ज्यानं डोळ्यानं बघितलं त्यो इकडं. ज्यानं ऐकलं त्यो तिकडं."

सगळा वर्ग धावत पाहिलेल्यांच्या बाजूला गेला. मग बाई एकेकाला विचारू लागल्या. तू कुठं उभा होतास? दगड कोणत्या हातात होता? मधी भिंत होती, मग तुला दिसलं कसं? एकेक जण मान खाली घालून रेघ ओलांडायला लागला. शेवटी एकच मुलगी उरली. तिनं सांगितलं, कुणी दगड घातलाच नाही. हा पोरगा स्वतःच दगड भिरकावताना कंपाउंडवरून पडला. तोवर दोन्हीकडचे चुलते काठ्या घेऊन गेटात आले होते. बाई त्या मुलीचा हात धरून बाहेर गेल्या आणि चुलत्यांना भिंतीपाशी नेलं. भिंतीच्या कडेला रक्त लागलेलं होतं, केस चिकटलेले होते. चुलते बराच वेळ ते बघत राहिले. परत जाताना एकानं गेटला लाथ घातली, पण गेले.

मी त्यांना विचारलं, हे तुम्ही कुठं शिकलात? म्हणाल्या, "बुद्धानं सांगितलेलंच हाय की. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पोथीत हाय म्हणून मानू नका, मी सांगतो म्हणून बी मानू नका. या आणि बघा. शाळेला आणखी काय लागतं, सर?"

वर्गात मात्र त्या बुद्धाचं नाव घेत नसत. मुलाला गणित येत नसलं, पोट दुखत असलं, घरी मार बसला असला, तरी त्यांचे प्रश्न तेच असायचे. काय दुखतंय? कावून दुखतंय? थांबंल का? कसं थांबंल? त्यातला दुसरा, कशामुळं दुखतंय हा प्रश्न मुलांना सगळ्यात अवघड जायचा. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, बाई, तुम्ही शाळेत धर्म शिकवता अशी तक्रार आहे. बाई म्हणाल्या, "साहेब, ह्यातला धर्म कोणता ते दाखवा, तेवढा पुसून टाकते." साहेबांनी चहा घेतला आणि गेले.

शाळेत खिचडी शिजवायला कौसाबाई नावाची बाई होती. तिचा विशाल सातवीत. हुशार, तोंडाळ, कुणाला न भिणारा. पाहिलं-ऐकलंचा खेळ त्याला सगळ्यांपेक्षा आधी उमगला. एके दिवशी भूगोलाच्या तासाला तो उभा राहिला. "बाई, पृथ्वी गोल हाय म्हणता. तुमी बघितली का?"

बाईंनी खडू उचलला, फरशीवर रेघ ओढली आणि सगळ्या वर्गासमोर ऐकलेल्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "न्हाई बघितली. ऐकलेली हाय. आता ती बघायची कशी, ते तू आणि मी मिळून शोधू." त्यानंतर कितीतरी दिवस ते दोघं मैदानात काठी रोवून तिची सावली मोजत बसलेले मी पाहिले आहेत. कौसाबाई खिचडी ढवळताना हसून म्हणायची, "बाई, माझं पोरगं तुमी खुळं करणार."

बाई फार शांत, प्रेमळ होत्या असं कुणाला वाटायला नको. एका दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघायच्या वेळी, आठवीतल्या नंदाचा बाप दारू पिऊन शाळेत आला. नंदाचं लग्न लावायचं ठरलं होतं. नवराबायकोची जोडी असली की तोडीला एक कोयता धरला जातो आणि मुकादम जोडीमागं आगाऊ पैसे देतो, म्हणून त्या दिवसांत आमच्याकडं पोरींची लग्नं घाईत उरकतात. बापाच्या हातात कोयताच होता. त्यानं नंदाची वेणी धरून तिला बाकावरून ओढलं. बाई मधे गेल्या. त्यानं हात उगारला तो खरोखर मारायलाच की नुसता भीती दाखवायला, हे त्यालाही माहीत नसेल. कोयता बाईंच्या कोपराखाली बसला आणि हात हाडापर्यंत उघडला.

बाईंनी दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं, पिरगाळलं, त्याला खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसल्या. आम्ही धावत गेलो, तेव्हा त्या त्याच्यावर बसून होत्या, रक्त त्याच्या सदऱ्यावर गळत होतं आणि त्या विचारत होत्या, "काय दुखतंय? बोल की. काय दुखतंय?" तो गडी रडायला लागला. पोलीस पाटील येईपर्यंत बाई उठल्या नाहीत.

दवाखान्यात टाके पडत असताना मी विचारलं, "बाई, आणि अहिंसा?"

"मारलं का मी? बसले फक्त."

नंदा दहावी झाली. पुढं नर्सिंगला गेली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो. मधे काही वर्षं गेली होती. त्या दिवशी मी गेवराईला प्रशिक्षणाला गेलो होतो. त्यामुळं पुढचं सगळं माझं ऐकलेलं आहे. बहुतेक भाग बाईंनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितला, तेव्हा ऐकलेला.

गॅसशेगड्या आणि कुकर दुरुस्त करणारा एक माणूस जुन्या मोपेडवर गावात आला होता. जालन्याकडचा. मोपेडला भोंगा बांधलेला आणि त्यातून त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज सारखा येत होता, "गॅस शेगडी, मिक्सर, कुकर दुरुस्त!" किराणा दुकानापाशी त्यानं एका बारक्या पोराला कुकरची जुनी शिट्टी खेळायला दिली. पोर शिट्टी फुंकत मोपेडमागं चालू लागलं. इकडं घरात पोर दिसेना म्हणून आत्यानं हंबरडा फोडला. गावातल्या सगळ्या फोनांवर आठवडाभर पोरं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ फिरत होता, कुठला कोण जाणे. एवढं पुरलं.

बाई शाळेत होत्या. त्यांना आधी आरडाओरडा ऐकू आला नाही. त्यांच्या लक्षात आलं की भोंगा पुढं सरकत नाही. एकाच जागेवरून "कुकर दुरुस्त, कुकर दुरुस्त" येत होतं आणि त्यामागं दुसरेच आवाज. त्यांनी मुलांना आत घ्यायला सांगितलं, गेट लावायला सांगितलं आणि पाराकडं गेल्या.

माणूस खाली पडलेला होता. दात पडलेले, एक डोळा मिटलेला. कुणी पट्ट्यानं, कुणी चपलेनं, कुणी दांडक्यानं मारत होतं. "कुठला बे तू? टोळी कुठं हाय?" असं विचारत होते आणि तो बोलायला लागला की पुन्हा मारत होते. विशाल आता वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. बाईंच्या डोळ्यांदेखत त्यानं दोन वेळा दांडका त्या माणसाच्या पाठीत घातला. आणखी दोघांना त्यांनी मारताना पाहिलं. तेही त्यांचेच विद्यार्थी. त्या गर्दीत घुसल्या, एक फटका त्यांच्याही खांद्यावर बसला.

"विशाल!"

वर्गातला आवाज. तो थांबला. त्याच्यामुळं बाकीचेही थांबले. बाईंनी पायातल्या चपलेनं धुळीत रेघ ओढली.

"ह्यानं पोरगं उचललेलं ज्यानं डोळ्यानं बघितलं, त्यो इकडं या. बाकीचे तिकडं."

तिथले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. पाय हलले. एकेक जण मागं सरकला. पाहिलेल्यांच्या बाजूला एकही माणूस आला नाही. आणि तेवढ्यात ते पोर दुकानाच्या पायरीवर दिसलं, तोंडात शिट्टी घालून. भोंगा चालूच होता.

खाली पडलेला माणूस म्हणाला, "पाणी."

मोपेडला पाण्याची बाटली लटकवलेली होती. बाईंनी ती काढली, खाली वाकल्या, एका हातानं त्याची मान उचलून बाटली त्याच्या ओठांना लावली. त्याच वेळी मागून कुणाचा तरी दांडका आला आणि त्याच्या डोक्यावर बसला. बाईंच्या तोंडावर रक्त उडालं. त्यांनी वर पाहिलं तर समोर सगळी ओळखीची तोंडं, कितीतरी हातांत दांडकी, आणि सगळे जण रेघेच्या पलीकडं, ऐकलेल्यांच्या बाजूला उभे.

भोंगा बाईंनीच बंद केला.

बीडला नेताना तो माणूस वाटेत जीपमध्येच गेला. त्याचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिनं एवढंच विचारलं, "काई बोलले का हो?" बाईंनी सांगितलं, "न्हाई बाई. पाणी मागितलं फक्त. तेबी पोटात गेलं न्हाई."

पोलीस आले. गावात कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. "आमी मागून आलतो." "आमी नुसतं ऐकलं." एका फोनमधला छोटा तुकडा सापडला, त्यात पळणारे पाय आणि शिव्या, चेहरा एकही नाही. बाईंनी तीन नावं दिली. पहिलं विशालचं.

कौसाबाई दुसऱ्या दिवसापासून खिचडी शिजवायला आली नाही. बाईंच्या दारावर शेण पडलं. पत्र्यावर दगड पडले, तेही दिवसाढवळ्या, आणि टाकणारे पळाले नाहीत, उभे राहिले. पिठाच्या गिरणीत त्यांचं दळण घेईनात. निम्म्या पालकांनी मुलं शाळेतून काढली. बाईंच्या गल्लीतली बौद्ध माणसंही मला म्हणाली, "सर, तुमी तरी सांगा. आपलीच माणसं कमी हायत का मार खायला? आणखी वैर कशाला?" मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "खरं हाय त्यांचं. भ्या मला बी लई वाटतं." आणि चप्पल घालून शाळेत गेल्या. पाराकडूनच गेल्या, दुसऱ्या वाटेनं जाता आलं असतं.

एकदाच त्या माझ्याजवळ मोकळं बोलल्या. मुलं गेल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. "सर, मला वाटायचं, पोरगं बघायला शिकलं की पुरे. विशाल तर सगळ्यांत चांगलं बघायचा. मग त्याचा हात कसा उचलला?" मी म्हणालो, जमाव होता, डोकं फिरलं असेल. त्यांनी मान हलवली. "मी त्याला बाहेरचं बघायला शिकवलं. सावली मोजायला शिकवली. राग येतो कुठनं, ते बघायला शिकवलंच न्हाई. ते मी माझं एकटीचंच ठेवलं." त्या दिवसापासून रोज सकाळी त्या मुलांना डोळे मिटून बसवायला लागल्या. निम्मा वर्ग रिकामा होता, तरी.

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बीडच्या कोर्टात गेलो. व्हरांड्यात कौसाबाई होती. बाईंना बघताच ती उठली, पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या तोंडावर मारू लागली. "माझ्या लेकराला अक्षर तुमीच शिकवलं, अन् आता आत बी तुमीच घालता? हेच शिकवलं का तुमच्या बुद्धानं?" बाई हात खाली सोडून उभ्या राहिल्या. महिला पोलिसानं कौसाबाईला ओढून बाजूला केलं, तेव्हा बाईंच्या ओठातून रक्त येत होतं. ते पदरानं पुसून त्या आत गेल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, पाहिलं तेवढं. मग सरकारी वकील म्हणाले, "आणि डोक्यावरचा घाव आरोपी विशालनंच घातला. बरोबर?"

"ते मला दिसलं नाही."

"पण दांडका त्याच्याच हातात होता ना?"

"होता. आणखी पुष्कळांच्या हातात होता."

"बाई, तुम्ही त्या माणसाच्या शेजारी होता."

"मी पाणी पाजायला खाली वाकले होते. मी वाकले नसते तर दिसलं असतं. पण मी वाकले होते."

सरकारी वकिलांनी कागद आपटले. आरोपीचे वकील लगेच उठले. "म्हणजे माझा अशील निर्दोष असू शकतो, असं तुमचं म्हणणं?"

"दोन वेळा मारलं ते मी बघितलं. ते निर्दोष कसं होईल?"

इतका वेळ जमिनीकडं बघत बसलेल्या विशालनं तेव्हा मान वर केली.

पुढं निकाल लागला. तिघांनाही जबर मारहाणीबद्दल शिक्षा झाली. खून कुणावरच सिद्ध झाला नाही. गाव बाईंवर नाराज राहिलं. त्या मेलेल्या माणसाची बायकोही नाराज झाली. "बाई एक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" असं ती मला रडत म्हणाली. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि बाईही निवृत्त झाल्या.

पण मला बाई आठवतात त्या साक्षीच्या दिवशी परत येतानाच्या. संध्याकाळची उमापूरची एसटी भरून आली होती. मला मागं जागा मिळाली. बाईंना पुढं दोघांच्या बाकावर मिळाली, त्यांच्या शेजारची जागा रिकामी. सगळ्यांत शेवटी कौसाबाई चढली. गावाला जाणारी दुसरी गाडी नव्हती. ती बाईंच्या बाकापाशी येऊन थांबली, दांडा धरला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"मावशी, बसा की, जागा हाय," कंडक्टर म्हणाला. ती हलली नाही. मागच्या बाकावर बसलेल्या एका माणसानं तिथं आपली पिशवी ठेवली. बाईंनी ती उचलून त्याच्या हातात दिली. "त्या बाईची जागा हाय."

गाडी बायपासला लागली. खड्ड्यात आदळली की कौसाबाई हेलपाटायची, दांडा घट्ट धरायची. सकाळपासून तिच्या पोटात काही नसावं. बाई उठल्या आणि बाकाच्या पुढच्या अंगाला दांडा धरून उभ्या राहिल्या. आता तरी ती बसेल, असं मला वाटलं. ती बसली नाही. कंडक्टर वैतागला, ओरडला, तिकिटं फाडत पुढं गेला.

माझा त्या रात्री गेवराईला मुक्काम होता, तिथं मी उतरलो. गाडी पुन्हा निघाली तेव्हा आत दिवे लागले होते. खिडकीतून मला दोघी दिसल्या. बाईंचा ओठ सुजला होता. मधे सबंध बाक रिकामा होता आणि त्याच्या दोन बाजूंना त्या दोघी उभ्या होत्या.